पाठकोऱ्या पानांवरचे आकडे

सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर आधी आई-वडिलांचं नाव घ्यायची रीत आहे. पण आमच्या आईलाच ते पटणार नाही. "गुरुजींचं नाव घे आदी," असं ती म्हणेल. म्हणून सुरुवात ताडकळसच्या गुरुजींपासून करतो.

गुरुजी आता नव्वदीला टेकलेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी आणि गणित शिकवलं, पण त्यांचं स्वतःचं पहिलं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. त्या उर्दूचं पुढं कुणाला काही काम पडलं नाही. मी त्यांच्या वर्गात कधीच नव्हतो. मी शाळेत गेलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते.

ओळख झाली ती एका कागदामुळे. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक जुना उर्दू कागद होता. घरात कुणालाच तो वाचता येत नव्हता, म्हणून सगळे त्याला जपायचे. वडील म्हणायचे, जमिनीचा असंल, राजाचा शिक्का हाय. मी एम.ए.ला इतिहास घेतला तेव्हा त्यांनी तो माझ्या हाती दिला आणि बाजाराच्या दिवशी ताडकळसला भाजी विकायला जाताना मला सोबत नेलं. गुरुजींनी ओट्यावर बसून कागद डोळ्यांजवळ धरला. तेव्हा त्यांना दिसत होतं. वाचून झाल्यावर ते बराच वेळ मिशीत हसत राहिले.

"बाबा, तुमच्या पणज्याला बांधावरची एक बाभळ तोडायची परवानगी दिली हाय सरकारनं."

"अन् जमीन?" वडिलांनी विचारलं.

"जमिनीचं काई न्हाई. बाभळ."

तीन पिढ्या आम्ही एका बाभळीचा परवाना जपत होतो. वडील हिरमुसले. मला मात्र त्या माणसाचा हेवा वाटला. आम्हाला इतकी वर्षं जे कळलं नाही ते त्यांनी दोन मिनिटांत वाचलं होतं. मी तिथंच विचारलं, "मला शिकवाल का?" त्यावर ते म्हणाले, "पाटी घेऊन ये."

पुढची तीन वर्षं दर बाजाराला वडील भाजीपाशी आणि मी गुरुजींच्या ओट्यावर. बावीस वर्षांचा घोडा पाटीवर अलिफ-बे गिरवतोय म्हणून येणारे-जाणारे हसायचे. गुरुजींच्या सूनबाई, ज्यांना मी वहिनी म्हणतो, चहा देताना म्हणायच्या, "भाऊजी, औंदा तरी दुसरीत जाता का न्हाई?"

एवढं सांगितलं ते पुढची गोष्ट कळावी म्हणून.

त्यानंतर काही वर्षांनी मी परभणीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवू लागलो. सोबत गावोगावच्या सामाईक विहिरींवर पीएच.डी.चं कामही चालू होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, वाटण्या, तक्रारी, सगळे कागद उर्दूत. अशात एक दिवस आमच्या विभागप्रमुखांनी मोबाईलवर आलेलं एक पत्रक मला दाखवलं. हैदराबादला जुने महसुली कागद वाचायची दहा दिवसांची कार्यशाळा होती. राहायची सोय तेच करणार होते, शिकवायला मोठमोठे जाणकार येणार होते आणि जागा मोजक्याच होत्या.

अर्ज भरायच्या आधीच मी गाड्यांचं वेळापत्रक लिहून काढलं. कोणत्या गाडीनं निघालो तर सकाळी पोचतो, स्टेशनवरून पुढं कसं जायचं, बघायला एखादा रविवार मिळतो का. चारमिनार मी फक्त फोटोत पाहिला होता. आईला सांगितलं तर तिनं लगेच धपाटे किती दिवस टिकतात ते सांगायला सुरुवात केली. मग अर्ज उघडला आणि सगळा उत्साह ओसरला. त्यात दोन अटी होत्या. एक, लिपी येते असा दाखला, ज्यानं शिकवलं त्याच्या सहीचा. दुसरी, कुठंही न छापलेलं एखादं जुनं दप्तर वाचून त्याचा क्रमवार गोषवारा. मुदत आठ दिवस.

पहिली अट सोपी वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ताडकळस गाठलं. गुरुजींची नजर तोवर गेली होती. ऊन आणि सावली एवढंच कळायचं. माझ्या आवाजावरून ओळखून त्यांनी बाजेवर जागा करून दिली. मी दाखल्याचं बोललो.

"न्हाई," गुरुजी म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

"अरे आलं ऐकू. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, इम्तिहान घेतल्याबिगर कुणाला पास केलं न्हाई. तू पाटीवरचं वाचतूस. कारकुनाचा घाईतला हात वाचतूस का, ते मला कुठं ठावं हाय?"

मग त्यांनी वहिनींना हाक मारली आणि देवघरातलं लाल बासन आणायला सांगितलं. त्या बासनात त्यांच्या आजोबांच्या वेळचे कागद होते. दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, हळद-कुंकू लागायचं आणि ते परत देवामागं जायचं. उघडून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं, उर्दू येणाऱ्या गुरुजींनीसुद्धा; देवामागचं सोडायचं नाही अशी घरची रीत होती.

"दसऱ्याबिगर न्हाई निघत ते, मामंजी," वहिनी म्हणाल्या.

"दसऱ्यापत्तोर याची तारीख निघून जाईल."

"मंग नारळ तरी आणा म्हणावं. फुकट इम्तिहान देतेत का?"

मी नारळ आणला; दुसऱ्या अटीचं न छापलेलं दप्तरही यातच मिळणार होतं. वहिनींनी उदबत्ती लावून बासन सोडलं. आत पन्नासेक पानं होती, एकाच बाजूला लिहिलेली, प्रत्येक पान म्हणजे एक स्वतंत्र कागद. कधीकाळी ती कडेला टाके घालून शिवली होती, पण दोरा कुजून सुटला होता. वरचे कोपरे कसरीनं खाल्ले होते, त्यामुळं तारखा बहुतेक पानांवर उरलेल्या नव्हत्या. पानं इकडची तिकडं होऊ नयेत म्हणून मी आधी नंबर टाकायचं ठरवलं. लिहिलेल्या बाजूला पेन्सिल लावायला मन होईना. म्हणून गठ्ठा तसाच पालथा घातला, शिवण डाव्या हाताला आली, आणि वरून एकेक पान उलटत पाठकोऱ्या बाजूवर बारीक आकडे टाकले. एक, दोन, तीन. मोठं शिस्तीचं काम केल्यासारखं वाटलं.

चार दिवस मी रोज परभणीहून आलो-गेलो. तास संपले की गाडी पकडायची, ओट्यावर बसून दिवस मावळेपर्यंत वाचायचं. कारकुनाचा हात खरंच घाईतला होता. एकेका ओळीला अर्धा तास जायचा. अडलो की गुरुजींना अक्षराचा आकार सांगायचो, ते हवेत बोट फिरवून पाहायचे आणि शब्द सांगायचे. प्रकरण होतं त्यांच्या आजोबांचं आणि आजोबांच्या सख्ख्या भावाचं. दोघांची मिळून एक विहीर होती. तिच्यावर मोट कुणी कधी चालवायची याचे ते सगळे कागद.

पाचव्या दिवशी मी गोषवारा वाचून दाखवला. भिंतीला टेकून वहिनीही ऐकायला बसल्या होत्या. सुरुवातीला दोघा भावांचा मिळून अर्ज, दोघांच्या सह्या, विहीर खचली आहे, दोघं मिळून बांधून काढतो. मग पंचांचा निवाडा. मग पाळ्यांची वाटणी. आणि शेवटी आजोबांनी भावाविरुद्ध दिलेली तक्रार, की हा मला विहिरीवर पाऊल ठेवू देत नाही, हा मला भाऊ मानत नाही.

मी वाचायचं थांबलो.

"शेवटी तक्रारच?" गुरुजींनी विचारलं.

"शेवटचं पान तेच आहे, गुरुजी."

समोरच्या बोळात त्या भावाच्या वंशातलं घर होतं. दोन्ही घरांचं येणं-जाणं, देणं-घेणं सगळं चालू होतं. वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आन् आमाला लग्नात सांगितलं की दोन घरं न्हाईत, एकच हाय म्हणून. उद्या त्यांना कळलं तर काय म्हणतील?"

गुरुजींनी हात पुढं केला. "एक पान दे." मी दिलं. त्यांनी अंगठा पानाच्या कडेवरून खालपासून वर फिरवला आणि पान परत दिलं.

"लिहिलेलं तोंड तुझ्याकडं धर. टाक्याची भोकं कुठल्या हाताला आली?"

"उजव्या."

"मंग वही कुठून उघडंल?"

मी पान उलटून माझा आकडा पाहिला. ओळ उजवीकडून वाचायची हे अंगवळणी पडलं होतं, पण गठ्ठा हातात घेतला तेव्हा हात आपल्या गावच्या शाळेतला होता. मराठी वहीसारखी शिवण डावीकडं ठेवून मी मोजायला लागलो आणि शेवटच्या पानाला पहिला नंबर दिला. एकूण एक पान बरोबर वाचलं आणि सगळी हकीकत उलटी सांगितली.

"म्हणजे तक्रार आधीची," मी म्हणालो. "मग पाळ्या. मग पंच. आणि शेवटी दोघांनी मिळून विहीर बांधली."

"म्हंजे मिटलं?" वहिनींनी विचारलं.

"मिटलं."

"अहो भाऊजी, धा मिनिटात आमचं घर फोडून परत जोडलंत की!" असं म्हणून त्या चहा टाकायला उठल्या. गुरुजींचा चेहरा मोकळा झाला होता. मी मात्र पिशवीत रबर शोधत होतो. त्यांना ती खुडबुड ऐकू आली असावी.

"खोडू नको. लाल पेन्सिलीनं दुसरे आकडे टाक. पैले तसेच राहू दे. उद्या कुणी बघितलं तर त्याला कळावं कुठं चुकलं."

नव्यानं आकडे टाकून, गोषवारा पुन्हा लिहून होईपर्यंत आणखी एक दिवस गेला. मग गुरुजींनी दाखला सांगितला आणि वहिनींनी तो त्यांच्या गोल अक्षरात लिहिला. यानं माझ्यापाशी तीन वर्षं लिपीचा अभ्यास केला, घाईतला हात याला वाचता येतो, मी स्वतः परीक्षा घेतली आहे. वहिनींनी बोट धरून जागा दाखवली आणि गुरुजींनी उर्दूत सही केली. ओळ थोडी खाली घसरली, पण वळण अजून तेच होतं. मी कागद घ्यायला हात पुढं केला तर ते म्हणाले, "थांब. मागच्या बाजूला लिही, सूनबाई. याने पानांचा क्रम पहिल्यांदा उलटा लावला होता. चूक दाखवल्यावर दुरुस्त केला."

"गुरुजी, हे नाही लिहिलं तर?"

"तर पुढच्या बाजूची सही बी माझी न्हाई."

मागच्या बाजूलाही सही झाली. मी परभणीला येऊन मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज पाठवला. पाठवायला नको तेवढा वेळ लागला. का लागला, ते खालच्या पत्रात आहे.

तीन आठवड्यांनी निवड झाल्याचं कळलं. कार्यशाळेवाल्यांनी लिहिलं होतं की येताना दोन्ही आकड्यांसकट त्या पानांचे फोटो आणावेत, पहिल्या दिवशी त्यावर बोलायचं आहे. विभागप्रमुखांनी माझे तास वाटून घेतले. तिकीट पक्कं झालं. गुरुजींना मी सोबत चला म्हणालो होतो, ते म्हणाले, "आमच्या येळंला इथले कागद तिकडं जायचे, माणसं न्हाई. तू जा." फोनवर त्यांना ऐकू येत नाही, आणि जे सांगायचं होतं ते ओट्यावर बसून सांगायचा धीर झाला नाही. म्हणून निघायच्या दहा दिवस आधी हे पत्र टाकलं.

गुरुजी, नमस्कार.

वहिनी हे पत्र वाचून दाखवतील. वहिनी, मधेच थांबून हसू नका, पूर्ण वाचा.

माझं पुढच्या सोमवारचं जाणं नक्की झालं आहे. पानांचे फोटो काढून घेतले आहेत. दोघा भावांच्या शेवटच्या अर्जाची मराठी नक्कल वहिनींपाशी ठेवली आहे, ती समोरच्या घरी द्यायला हरकत नसावी.

आता खरं कारण. ज्या दिवशी अर्ज पाठवला त्या दिवशी मी दाखल्याची फक्त पुढची बाजू स्कॅन केली होती. मागची केली नव्हती. चुकून नाही, ठरवून. माझ्या घरात शिकलेलं कुणी नाही, तिथं सगळे मोठ्या कॉलेजातले असणार, आणि त्यांच्यापुढं जायच्या आधीच माझी चूक जायला नको असं वाटलं. पुढच्या बाजूला तुमची सही होतीच. कुणाला कळलं नसतं. मी स्कॅनच्या दुकानातून पैसे देऊन निघालो आणि बस स्टँडपर्यंत गेलो. तिथून परत आलो. परत का आलो ते मला नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं की मागची सही करताना तुमचं बोट दोन वेळा जागा चुकलं होतं, तरी तुम्ही ती केली. मग मागची बाजूही स्कॅन केली आणि दोन्ही पाठवल्या.

निवड कशामुळे झाली ते मला माहीत नाही. पण त्या दुकानापासून स्टँडपर्यंतचं तुम्हाला सांगितल्याशिवाय गाडीत बसायचं नव्हतं. रागवायचं असेल तर वहिनींना सांगून दोन ओळी लिहा, शनिवारपर्यंत पोचतील. मी त्या वाचूनच निघेन.

तुमचा विद्यार्थी