मडगार्डखालची रेघ

गोव्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीसमोर त्याचं टायरचं दुकान होतं. नाव मी कधी विचारलं नाही. सिंधुदुर्गाकडचा, एवढं बोलण्यावरून कळलं. ऑटोक्रॉससाठी, म्हणजे माळावर आखलेल्या वळणांतून गाडी पळवण्याच्या शर्यतीसाठी, मी माझ्या जुन्या गाडीला रुंद चाकं घालायला गेलो होतो.

चाकं बसली. गाडी काय ऐटदार दिसत होती! मी निघायला लागलो, तर तो आडवा आला.

"उभ्या गाडीक खयचोय टायर बसता. वळणार बसता काय, ता बघूया."

कुठलाही टायर म्हणे! मला रागच आला. त्याने पंक्चरची जागा दाखवायचा खडू मडगार्डच्या आतल्या कडेवर ओढला. पाळी संपवून निघालेल्या चौघा कामगारांना हाक मारून गाडीत बसवलं. गाडी दबली. मी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं, आणि डाव्या टायरला पांढरा पट्टा उमटला. भर वेगात तो तिथेच घासून फाटला असता.

त्याने हातोडीने ती कड इतक्या हलक्या हाताने दुमडली, की रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही. टायर पुसून, कडेवर पुन्हा खडू ओढून चौघांना परत बसवलं. टायर काळाच राहिला. मग तीच रेघ त्याने आणखी ठळक केली.

"शर्यत संपल्यार ही बघ. पुसली आसात, तर माझा काम चुकला."

शर्यतीत माझा नंबर बराच खाली लागला. मित्र वेळ विचारत होते, आणि मी मातीत आडवा पडून मडगार्डखाली बघत होतो.

रेघ होती. धुळीने लाल झालेली, पण अखंड.