ठमीला बघू द्या

वस्तीनं मिळून चालवलेल्या त्या तबेल्यात आत्याला ‘नाही’ म्हणताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. लीद काढा म्हटलं, काढली. सुट्टीच्या दिवशी या म्हटलं, आली. ती कुणाची सख्खी आत्या नव्हती. मॅनेजरची मुलगी लहानपणी तशी हाक मारायची, तीच पुढे सगळ्यांनी उचलली. घोड्यावर ती जन्मात कधी बसली नाही. खरारा करायचा, खूर साफ करायचे, दाण्याचे तोबरे तोंडाला बांधायचे, आणि शिकायला आलेल्यांना एवढंच सांगायचं, “तोंडाकडे काय बघता? कान बघा. घोड्याच्या मनातलं सगळं कानांत दिसतं.”

तिचे लाडके दोघे, भाऊसाहेब घोडा आणि ठमी घोडी. भाऊसाहेब म्हातारा, पांढरट, नाकावर माशी बसू न देणारा. पहिला तोबरा त्याला मिळाला नाही तर दाराला लाथ ठरलेली. ठमी बुटकी, तांबडी आणि खादाड. दोघांची ठाणं शेजारी. आवारात सोडली की उलटसुलट तोंडं करून उभी राहत आणि एकमेकांच्या मानेच्या बुडाशी दातांनी खाजवत. “संसार आहे बाई यांचा,” आत्या म्हणायची, “आमच्यापेक्षा बरा.”

तिच्या संसारातलं बोलणं मुलगा गेला तेव्हाच आटलं. तो बोगद्याच्या कामावर होता. दरड कोसळली. नवरा एकटाच ओळख पटवायला गेला आणि खिळे ठोकलेली पेटी घेऊन परतला. ती पेटीवर डोकं आपटत “उघडा” म्हणत राहिली आणि नवऱ्यासकट जो तो म्हणाला, “नको. हसता चेहराच डोळ्यांसमोर राहू दे.” वाईट कुणीच चिंतलं नव्हतं. पण हसता चेहराच राहिला म्हणून आजही संध्याकाळी घराचं फाटक वाजलं की तिची मान तिकडे वळे. तो गेला हे ठाऊक असूनही वळे.

त्या दिवशी सकाळी भाऊसाहेबानं तोबऱ्याला तोंडच लावलं नाही. सारखा मान वळवून पोटाकडे बघत होता, घामानं निथळत होता. आत्यानं तडक डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी होते नव्हते ते सगळे उपाय केले आणि दुपारी म्हणाले, “आतडं पिळलंय. आता हाल थांबवणं एवढंच आपल्या हातात आहे.” आवारातल्या झाडाखाली इंजेक्शन दिलं. शेवटपर्यंत आत्याचा हात त्याच्या आयाळीत होता.

मॅनेजरनं ताडपत्री आणवली. “त्याला न्यायला गाडी येतेच आहे. पोरं शिकायला यायच्या आत उरकू. ठमीला मागेच कोंडून ठेवा, उगाच बिथरेल बिचारी.” त्याचेही डोळे लाल झाले होते.

“नाही,” आत्या म्हणाली.

मॅनेजर ताडपत्री उलगडायचा थांबला.

“ठमीला बघू द्या त्याला. मग न्या.”

“आत्या, मुकं जनावर ते. तिला काय कळणार?”

“नसेलही कळत. मला तरी कुठे ठाऊक आहे? पण न बघता मागे राहिलं की काय होतं, ते मी भोगतेय.”

मॅनेजरनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हात पुसत म्हणाले, “काही जण दाखवतात. उपयोग होतोच असं छातीठोक नाही सांगता यायचं. लाथांपासून जपा म्हणजे झालं.”

“बरं. गाडी येईपर्यंत,” मॅनेजर म्हणाला.

ठमीला आणताना आत्यानं दोर आखूड धरला. उधळली, पाय मोडून घेतला तर? आपलं दुःख आपण या मुक्या जिवाच्या गळ्यात बांधतोय की काय? झाडाजवळ येताच ठमी फुरफुरून मागे सरली. आत्यानं दोर सैल सोडला. मग ती आपणहून पुढे आली. नाक हुंगलं, डोळे हुंगले. मानेच्या बुडाशी दात लावून रोजच्यासारखं खाजवलं आणि थांबली. वाट बघितली. पुन्हा खाजवलं, पुन्हा थांबली. मग मान वर करून अशी खिंकाळली की मॅनेजरनं तोंड फिरवलं.

बराच वेळ ती तशीच उभी होती. गाडी आली, भाऊसाहेबाला घेऊन गेली. ठमीनं कान टवकारून सगळं बघितलं आणि नंतर खाली मान घालून थोडं गवत खाल्लं. फाटकाकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. आत्याला हायसं वाटलं, आणि तिला त्या घोडीचा हेवाही वाटला.

घरी नवरा भाजी निवडत बसला होता. आत्या हातपाय न धुताच त्याच्यासमोर बसली.

“कसा दिसत होता हो तो?”

कोण, ते त्यानं विचारलं नाही. हातातली जुडी खाली ठेवली.

“तुला झेपणार नाही असं म्हणत आलो,” तो म्हणाला. “खरं तर पेटी उघडली असती तर मलाच पुन्हा बघवलं नसतं.”

“आता सांगा.”

“चेहरा होता तसाच होता गं. सगळा भार छातीवर पडलेला. त्यांनी धुतलं होतं त्याला, पण कानामागे माती राहिली होती. लहानपणी आंघोळ करून यायचा तेव्हा राहायची ना, तशी. माझ्याकडे रुमालसुद्धा नव्हता. शर्टाच्या बाहीनं पुसली मी.”

“कुठल्या कानामागे?”

“डाव्या.” एवढं म्हणून तो हमसून रडायला लागला. तिच्यासमोर तो पहिल्यांदाच रडत होता.

बाहेर फाटक वाजलं. आत्यानं मान वळवली नाही. ती नवऱ्याच्या बाहीवरून हात फिरवत राहिली.