होडीत शिरलेला चोर

शेगडीवाल्याची बायको शिलाई मशीनवर बसली की गायची, आणि गायची ती नुसती गाणी नव्हेत, गोष्टी. कोण कुणाच्या प्रेमात पडलं, कोण कुणाला सोडून गेलं, शेवटी कोण पस्तावलं, सगळं यथासांग. पडद्याची एक कड शिवून होईपर्यंत गाण्यातला माणूस जन्माला येऊन, लग्न करून, मरूनसुद्धा जायचा. पँटची उंची कमी करायला आलेलं गिऱ्हाईक गोष्ट संपेपर्यंत दारातून हलायचं नाही.

एकट्या शेगडीवाल्याला त्याचं काही नव्हतं. त्याचं दुकान म्हणजे त्याच खोलीचा पुढचा अर्धा भाग, मधे फळ्यांचा आडोसा. इकडे तो बर्नरची भोकं तारेने साफ करायचा, वाकड्या जाळ्या ठोकून सरळ करायचा, आणि पलीकडे कोण बुडालं, कोण तरलं याचा त्याला पत्ता नसायचा. "अहो, ऐका तरी, पुढे काय गंमत होते," ती म्हणायची. "ऐकतोय ना," म्हणून हा हातोडी उचलायचा. माणूस वाईट नव्हता हो. पण बायकोचं बोलणं म्हणजे नळाचं पाणी, आज नाही ऐकलं तर उद्या येईलच, असा त्याचा हिशोब.

एका सकाळी अभ्रा शिवता शिवता ती मशीनवरच कलंडली. दवाखान्यातून घरी आली ती उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. जीभ उचलून ती "त... त..." करायची, डोळे मोठे करायची आणि मग भिंतीकडे तोंड फिरवायची. शेगडीवाला पाणी आणायचा, ते नको असायचं. उशी बदलायचा, तीही नको. खोलीत इतकी शांतता की भिंतीवरच्या घड्याळाचा त्याला राग यायला लागला. दुकान त्याने बंदच ठेवलं होतं.

मुलगी लांबच्या शहरात दिलेली. ती आली, आठवडाभर राहिली आणि जाताना उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "बाबा, तिचं पोट दुखत होतं आणि तुम्ही पंखा लावत होतात. असं नाही चालणार. येत्या रविवारी मी गाडी घेऊन येते, तिला घेऊन जाते."

"आणि मी?"

"माझ्याकडची जागा तुम्ही बघितलीय. सासूबाई आहेत, मुलं आहेत. तुम्हाला कुठे ठेवू, सांगा ना?" तिचेही डोळे भरले होते.

"ती बोलायला लागली तर?"

"तर कशाला नेऊ मी, बाबा?"

बोलायला शिकवणारी बाई दवाखान्यातून यायची. तिने एक गोष्ट सांगितली. "काका, कधी कधी बोलणं जातं आणि गाणं राहतं. त्यांच्या आवडीचं काही असेल तर तुम्ही सुरू करून बघा. खात्री नाही देत मी, पण बघा."

शेगडीवाला आठवू लागला. एवढी वर्षं कानाशी गाणी चाललेली, आणि आज डोक्यात शोधायला गेला तर सगळं भंगार. एक शेपूट इथलं, एक शिंग तिथलं. एक चोर होता खरा. एक होडी होती. पूर कुठे आला होता? तो पलंगाच्या कडेला बसला, घसा खाकरला आणि फुटक्या आवाजात म्हणाला,

*"होडीत शिरला चोर गं बाई, नदीला आला पूर..."*

तिने मान वळवली. कपाळाला आठी पडली. कुणी तिच्या मशीनला हात लावला की पडायची, तीच आठी. डाव्या हाताने तिने गादीवर थाप मारली आणि तोंडातून स्वच्छ, सुरात निघालं,

*"घरात शिरला चोर गं बाई, घरात शिरला चोर,*
*हाती काही लागेना त्याच्या, जागं झालं पोर!"*

शेगडीवाला तसाच उठून दारात गेला आणि ढसाढसा रडला. परत आला तेव्हा तिने त्याला पोर रडतं, चोर पाळणा हलवतो आणि पाळण्याशीच झोपून पकडला जातो, तिथपर्यंत सगळं ऐकवलं. मग तिने होडीचं गाणंही थोडं म्हटलं, आणि ते वेगळं आहे हे त्याला तेव्हा कळलं. त्यात एकटी बाई भर पुरात होडीत बसते आणि होडीवाला तिला काठ दूर आहे म्हणून बजावतो.

पण गाणं थांबलं की ती पुन्हा मुकी. "पाणी म्हण. नुसतं पाणी," तो हात जोडायचा. "त... त..." मग याने एकच धोशा लावला. मुद्दाम चुकायचं. चोराला होडीत बसव, बाईला पाळण्यात घाल, पोराच्या हातात वल्हं दे. प्रत्येक चुकीला ती चिडायची आणि दुरुस्त करायची, आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज घरात असायचा. जेवण भरवताना चूक, अंग पुसताना चूक. ती डोळे मिटून घ्यायची, तरी हा कानाशी चुकीची ओळ म्हणायचा. त्याचा स्वतःचा घसा बसला, पायाला सूज आली, भाजी दोनदा करपली. रविवार जवळ येत होता आणि बायकोच्या तोंडून साधं "नको"सुद्धा निघालं नव्हतं. शनिवारी तर ती दुरुस्त करता करता रडली. याने पाहिलं आणि तरीही पुढची ओळ चुकवली.

रविवारी मुलगी आली. शेगडीवाल्याने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. "बस, बस, ऐक," म्हणत त्याने चोराला होडीत चढवलं. बायकोने थकल्या आवाजात चोराला परत घरात आणून सोडलं. "बघितलंस? बोलते! सगळं बोलते!" त्याने मुलीचा हात गच्च धरला.

मुलगी आईजवळ बसली. "आई, मला खरं सांग. इथे राहतेस की माझ्याबरोबर येतेस?"

शेगडीवाला गाणी चाचपू लागला. कुठली ओळ द्यावी? 'राहते' कुठल्या गाण्यात आहे? त्याला एकही आठवेना. आणि त्याने काही सुचवायच्या आत बायकोने आपणहून सूर लावला. नवऱ्याकडे बघत, हळूहळू,

*"दमले तुझे हात गड्या रे, वल्हं आता टाक,*
*काठ आला, उतरू दे मला, नको मारू हाक."*

ही ओळ शेगडीवाल्याने जन्मात ऐकली नव्हती. निदान त्याला तसं वाटलं. "चुकलं," तो ओरडला. "चुकलं गं तुझं! असं नाहीये ते!" आणि मुलीकडे वळला. "सांग तिला. काठ दूर आहे. होडीवाला म्हणतो ना, काठ दूर आहे म्हणून?"

"ते आधीचं, बाबा," मुलगी हलकेच म्हणाली. "शेवटचं कडवं हेच आहे."

"मी दमलेलो नाही. कुणी सांगितलं तिला मी दमलो म्हणून?"

बायकोने डावा हात उचलून त्याच्या सुजलेल्या गुडघ्यावर ठेवला आणि तेच कडवं पुन्हा म्हटलं. एकही शब्द न चुकता, या वेळी जरा मोठ्याने. एकदा सांगून त्याने ऐकलं नाही की ती नेहमी असंच करायची.

शेगडीवाल्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग तो भिंतीला धरून उठला आणि तिचे कपडे पिशवीत भरू लागला.