चौदा वर्षांचं उट्टं

ओबदुलियाबाईंनी डूख धरला होता. आम्ही दोघी इथल्या अध्यापक विद्यालयात शिकवतो, आणि शेजारच्या टेबलावरून मी तो सहा वर्षं पाहत होते. लोक म्हणायचे, बाई, सोडून द्या आता. का म्हणून सोडायचं? म्हणणाऱ्यांचं काय गेलं होतं?

क्रिस्पिनियानो इन्स्फ्रान हा त्यांचा ठरलेला नवरा. पराग्वेतल्या आमच्या काआसापा गावात भेटीचे वार पाळतात. तसा हा दर गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी ओसरीवर येऊन बसायचा, त्यांच्या आईच्या देखत गार तेरेरे प्यायचा, चिपा खायचा आणि घरी जायचा. अशी चौदा वर्षं. लग्न लांबवायला आधी त्याच्या बहिणीचं लग्न, मग बढती, मग आईचं आजारपण. पस्तिशीला आल्यावर बाईंनी मुलांचा विषय काढला, तर म्हणाला, घाई कसली? चाळिशीत डॉक्टरनं त्यांना सांगितलं की आता आशा फार कमी. त्याच महिन्यात हा शाळांचा पर्यवेक्षक झाला आणि बाईंना म्हणाला, "मला मुलं हवीत गं. तुझं वय झालं." स्वतः बावन्न वर्षांचा मेला! पंचविशीतल्या निमियाशी लग्न करून मोकळा झाला.

याचं उट्टं काढणार, असं बाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं.

यंदा ती निमियाच शिक्षिका व्हायला आमच्या विद्यालयात आली, आणि तिचे सराव पाठ नेमके बाईंकडे. बाई तिला नापास करणार होत्या. खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं, करा.

पण पाठ वाटताना 'वय आणि मूल होणं' हा घटक कुणी घेईना. होऊ घातलेल्या शिक्षकांचं एकच म्हणणं, हे आमचं काम नाही, आईनं सांगावं नाहीतर डॉक्टरनं. बाई तडकल्या.

"माझ्या आईला माहीत नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं ते सगळं संपल्यावर. मग राहिलं कोण?"

निमियानं हात वर केला. तास सुटल्यावर ती रडत बोलली. सहा वर्षांत मूल नाही, म्हणून साहेब, म्हणजे तो क्रिस्पिनियानोच, गावभर तिला वांझ म्हणत, रोज कसल्या कसल्या मुळ्या पाजत, आणि वर्षअखेरीला माहेरी धाडणार होते. तिच्या तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या होत्या. स्वतःची करून घ्यायला ते तयार नव्हते. ऐकताना बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ती काही दया नव्हती. मी ओळखते ना त्यांना.

पाठाचं टाचण आधी पर्यवेक्षकाला दाखवावं लागतं. साहेबांनी पुरुषांवरचा भाग खोडला, 'अनावश्यक' म्हणून. बाई निमियाला एवढंच म्हणाल्या की मुलांनी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं, नाहीतर गुण जातात. नियम साहेबांचाच.

नववीचा वर्ग. साहेब मागच्या बाकावर. मुलगी जन्मतःच आपली बीजं घेऊन येते, पस्तिशीनंतर ती झपाट्यानं कमी होतात, हे निमियानं नीट सांगितलं. मग एका मुलीनं विचारलं, आणि पुरुषांचं? निमियानं खडू खाली ठेवला.

"पुरुषाचंही वय होतं," ती म्हणाली. "हळूहळू, पण होतं. चाळिशीनंतर बीज कमजोर व्हायला लागतं. म्हणून तपासणी दोघांची करायची. माझे यजमान अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. माझी तपासणी झाली. त्यांनी केली नाही."

अख्खा वर्ग मागे वळला. साहेब पिशवी उचलून निघाले, पण पाठाचा शेरा वर्गातच तोंडी द्यायचा असतो, आणि दारात बाई उभ्या होत्या.

"साहेब, तुम्ही जीवशास्त्र शिकवलंय. पाठात काही चूक?"

ते काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा. पोरांना ऐकू गेलं नाही."

"चूक नाही," साहेब म्हणाले.

निमिया त्याच आठवड्यात आपल्या पायांनी घर सोडून गेली. मी बाईंना विचारलं, झालं का समाधान?

"झालं. फार गोड वाटलं," बाई म्हणाल्या, आणि वह्या तपासायला घेतल्या. दोन वह्या झाल्यावर वर न बघता म्हणाल्या, "मला कुणी वेळेवर सांगितलं असतं ना, तर आज माझी पोर नववीत असती."