टाकीतली लेकरं

आमच्या कारखान्यात मळीपासून स्पिरिट निघायचं आणि उरलेलं काळं पाणी मोठ्या टाकीत जायचं. त्या टाकीत डोळ्यांना न दिसणारे जीव पाळलेले होते. ते घाण खायचे, मग पाणी नाल्यात सोडता यायचं. आमचे हे तिथले केमिस्ट, आणि त्या जिवांना लेकरं म्हणायचे. नशिराबादच्या पुढे माळावरच्या क्वार्टरमध्ये, त्या वासातच आमचा नवा संसार मांडलेला.

उन्हाळ्यात पाण्याअभावी कारखाना बंद पडे, पण लेकरांना भूक लागायचीच. रोज दोन वेळा शेणकाला आणि थोडी मळी घालावी लागे. आदल्या वर्षी रखवालदाराने बैलापुढे वैरण टाकावी तशी आठवड्याची मळी एकदमच ओतली. सगळे जीव मेले, गावभर दुर्गंधी सुटली. साहेबांनी ह्यांना बजावलं, पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघा.

त्या वर्षी नेमकं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर ह्यांना यंत्राचा भाग आणायला मुंबईला धाडलं. जाताना म्हणाले, "तुझ्याशिवाय कुणावर भरवसा नाही." वा! खानदेशातल्या साऱ्या लेकी माहेरी झोक्यावर, आणि मी बादली घेऊन टाकीवर. पाचोऱ्याहून भाऊ न्यायला आला, त्याला तसाच परत पाठवला आणि दार लावून रडले. ह्यांनी एकदा सूक्ष्मदर्शकातून एक जीव दाखवला होता, घंटेसारखा, देठाने गाळाला चिकटलेला. धक्का लागला की आक्रसायचा. आपण बांधलेले आहोत हे त्या मेल्याला निदान ठाऊक तरी नव्हतं.

आखाजीच्या दिवशी भर उन्हात आई दारात उभी. हातात सांजोऱ्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी तिला टाकी दाखवली, नोकरीचं सांगितलं. नाकाला पदर लावून ती काठावर बराच वेळ उभी राहिली. मग तिने पदर खोचला.

"दे ती बादली. मी राहसू आठे. तू जाय घर, झोका बांधेल शे."

तिच्या तांब्यात तेव्हा जेमतेम दोन घोट उरले होते. मी बादली सोडली नाही. ज्या घरात आई नाही, तिथे आखाजीला जाऊन मी कुणाच्या गळ्यात पडणार होते?