राखणीचं हाड

माझी वहिनी दर मे महिन्यात मुंबईहून येते. त्या वर्षी तिच्या बॅगेतून सगळ्यांत आधी निघालं ते आमच्या कुत्र्यासाठी आणलेलं पाकीट. वर केस विंचरलेल्या गोऱ्यागोमट्या कुत्र्याचा फोटो, आत चामडं पिळून, दोन्ही टोकांना गाठी मारून केलेली हाडं. काही पांढरी, काही लालभडक. मी एक हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. चपलांच्या कारखान्यात उरलेल्या वाद्या कोणीतरी रंगवून विकल्या होत्या आणि माझ्या पदवीधर वहिनीने त्या विकत घेतल्या होत्या.

"दुकानदारान सांगल्यान, दातांका बरा असता," ती म्हणाली.

"विकणारो आणि काय सांगतलो?" मी म्हटलं.

मग आठवडाभर मी तिला सोडलं नाही. पडवीत जो टेकेल त्याच्या हातात चहाच्या आधी ते लाल हाड द्यायचो. कुत्र्यांच्या खाऊवर पैसे उधळणाऱ्या शहरी माणसांबद्दल माझ्याकडे बरंच बोलण्यासारखं होतं आणि ऐकणारे हसत होते. आमचा कुत्रा काजूची बाग राखणारा. पेज, माशाची डोकी आणि खारवलेल्या बांगड्याचं शेपूट यांवर सहा वर्षं वाढलेला. त्याला कसले दातांचे लाड? वहिनी मात्र संध्याकाळी पायरीवर बसून त्याला एक हाड द्यायची. तोही लाळ गाळत ते चघळायचा, याचा मला वेगळा राग.

त्याच आठवड्यात आमच्या वाडीची राखण होती. पावसाआधी जागेच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा, तिथेच झाडाखाली पुरुषांनी रांधायचा आणि तिथेच संपवायचा. त्यातलं काही घरात आणायचं नाही, हा नियम. कोंबडा मोठा आणि जून होता, शिजायला दुपार झाली. जेवणं उरकल्यावर पत्रावळीतल्या हाडांचं काय करायचं? घरी न्यायची नाहीत, टाकून द्यायलाही बरं वाटत नाही. म्हणून ती कुत्र्यांना घालायची, ही आमची वाडवडिलांपासूनची रीत.

"देवाचा हाड कुत्र्याक बाधणा नाय," वाडीतले एक म्हातारे दरवर्षी म्हणतात. त्या दिवशीही म्हणाले. मी तंगडीची दोन हाडं माझ्या हाताने आमच्या कुत्र्याला घातली. कडाकडा आवाज आला, आणि मला मोठा अभिमान वाटला. याला म्हणतात हाड, असंही मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायरीवरून उठेना. जेवण हुंगून तोंड फिरवलं, मग पाठीची कमान करून कुंथत राहिला आणि शेवटी जे पडलं त्यात रक्त होतं. मी आणि वहिनीने त्याला गोणपाटात उचलून रिक्षात घातलं. कट्टा गावच्या बाजारापर्यंत तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून धापा टाकत होता. तिथून पुढे गुरांच्या डॉक्टरचं घर.

"काय खाल्लं याने?" डॉक्टरने विचारलं.

ऑफिसात बोलावी तशी शुद्ध मराठी माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडली. "आमच्या वहिनींनी मुंबईहून चामड्याची हाडं आणली आहेत. रोज तीच खातो आहे."

खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सोपं गेलं. वहिनी टेबलापाशी कुत्र्याचं डोकं धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला. "माझाच चुकला," ती हळूच म्हणाली आणि त्याच्या कानामागे खाजवू लागली. राखणीला ती नव्हती. तंगडीबद्दल तिला ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी भिंतीवरचं गाईचं चित्र बघत होतो.

डॉक्टरने सुई भरायला घेतली. "चामडं पोटात फुगून बसतं," तो म्हणाला. "मऊ आहे तोवर उलटी करवून बघू. टोकदार काही गेलं नाहीये ना? तसं असेल तर उलटीत वर येताना गळा, अन्ननळी फाडत येईल."

मी पुन्हा गाईच्या चित्राकडे वळलो. कुत्रा माझ्याकडे बघत होता असं लिहिलं तर छान दिसेल, पण तो डोळे मिटून पडला होता. डॉक्टरने त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरली, तेव्हा कुठे माझी शुद्ध मराठी संपली.

"थांबा. कोंबड्याचा हाड आसा पोटात. शिजवलेला. मिया घातलंय."

डॉक्टरने सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच लायकीचा मी होतो. शिजलेलं हाड काचेसारखं फुटतं, हे त्याने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. वहिनीचं चामडंही वाईट आणि माझा खारातला बांगडाही वाईट, हेही ऐकवलं. काही चघळायला द्यायचंच तर नखाने दाबून बघा, खूण उमटली तरच द्या. नाहीतर गाजर द्या, उकडलेला भोपळा द्या. इतकी साधी गोष्ट, आणि आठवडाभर अक्कल वाटत फिरणाऱ्या मला ती माहीत नव्हती.

कुत्रा वाचला. चार दिवस मऊ भात आणि भोपळ्यावर राहिला, हाडाचे तुकडे एकेक करून पडले. आता राखणीची हाडं मी तिथेच खड्डा खणून पुरतो. म्हातारे हसतात. हसोत.

पुढच्या मे महिन्यात वहिनी आली. कुत्र्याने सवयीने तिच्या बॅगेत तोंड खुपसलं, पण आत त्याच्यासाठी काही नव्हतं. मी आतून गाजराचा तुकडा आणला, तिच्यासमोर नखाने दाबून दाखवला आणि तिच्या हातावर ठेवला. तिने तो परत माझ्या हातावर ठेवला.

"तुमीच घाला, भावजी," ती म्हणाली. "उद्या काय झाला तर माझ्यार बोल नको."