टेंब्यांची गाडी आणि माझी सही

फोन ऑफिसात आला. पलीकडून कारखान्यातले आमचे जुने फोरमन बोलत होते, आणि एरवी खड्या आवाजात बोलणारा तो माणूस एवढंच म्हणाला, "खांबेटे, टेंबे होगबिट्रु..." टेंबे गेला. पंधरा वर्षं बंगळुरात काढल्यावर एवढं कन्नड कळायला कष्ट पडत नाहीत, पण त्या दिवशी मी ते वाक्य त्यांना दोनदा उच्चारायला लावलं. सकाळी दाढी करता करता छातीत कळ आली आणि दहा मिनिटांत सगळं आटोपलं. वय अवघं एकावन्न. त्याला जाऊन आज सहा आठवडे झाले. त्याच्यावर कुणीतरी लिहायला हवं म्हणून मी पेपरात हे लिहितोय असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं कारण वेगळं आहे आणि ते पुढे येईलच.

आम्ही दोघे एकाच साली विमानांच्या कारखान्यात लागलो. तो पुण्याचा, मी सांगलीचा. तो हिशेब करणारा इंजिनिअर, मी नकाशे काढणारा. स्वभाव मात्र दोन टोकांचे. मला कुठलंही काम कधी एकदा हातावेगळं होतंय असं व्हायचं आणि टेंब्याला ते कधी संपूच नये असं वाटायचं. विमानाच्या कामात एक नियम असतो: ज्यानं काम केलं त्यानं ते तपासायचं नाही. दुसऱ्यानं बघायचं, मगच सही. आम्ही बाकीचे हा नियम संध्याकाळी भोंग्याबरोबर कारखान्यात सोडून येत असू. टेंबे तो घरी घेऊन जाई. मल्लेश्वरमच्या घरात त्यानं चक्क एक वही ठेवली होती. दिव्याचं बटण बदललं की विमलवहिनींनी ते तपासून वहीत सही करायची. आमटीत मीठ वहिनी घालत, पण चव घेऊन पसंती द्यायचं काम याचं. वहिनी म्हणायच्या, "लग्नाआधी मला कुणी तपासलं होतं ते एकदा विचारायचंय यांना." टेंबे गंभीरपणे सांगे, "आईनं. सही आहे."

मग त्यानं गाडी घेतली. जुनी, काळी, विलायती. ती घेतली वहिनींसाठी आणि तिचा त्रासही वहिनींनाच. त्यांचं माहेर कारवारला, वाटेत अरबैलचा घाट, आणि ही गाडी साध्या वळणावरही अशी कलायची की आतला माणूस खिडकीला जाऊन चिकटावा. वर गाडीचं नाक जड, त्यामुळे वळण घेताना ती हट्टानं बाहेरच्या बाजूला पळे. वहिनींना पहिल्या चार वळणांतच मळमळू लागे. वहिनींना स्वतः गाडी चालवत माहेरी न्यायचं, घाट उतरून समुद्र दिसला की गाडी थांबवायची, हे टेंब्याचं स्वप्न होतं. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या टेबलावर घाटाचा नकाशा बघितलेले आम्ही सगळे ते ओळखून होतो.

यावर त्यानं तोड काढली ती अशी की गाडीच्या मागच्या बाजूला, दोन चाकांमध्ये, एक आडवा पोलादी दांडा बसवायचा. इंग्रजी मासिकांत त्याला अँटी-रोल बार म्हणत. वहिनींना त्यानं तो समजावला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. "ओलं लुगडं दोघी मिळून पिळता ना? दोघींनी एकाच बाजूला फिरवलं तर पीळ बसतो का? नाही. उलट फिरवलं की बसतो, आणि मग ते हाताला विरोध करतं. हा दांडा तसाच. दोन्ही चाकं एकदम उचलली तर तो गप्प. गाडी एका अंगावर कलायला लागली की त्याला पीळ बसतो आणि तो गाडीला सरळ करतो." वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मला ओकारी येणार नाही, एवढंच ना? बसवा."

दांडा वाकवून दिला होसकोटेच्या रस्त्यावरच्या रामोजीरावांनी. लॉरीच्या कमानी बनवणारं हे मराठी घराणं, पण किती पिढ्या इथे गेल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. "अण्णा, ह्ये स्वल्प जाड होतंय बघा," ते म्हणाले. टेंब्यानं हिशेबाचा कागद दाखवला. "सरी, तुमी म्हणता तसं," म्हणत त्यांनी भट्टी पेटवली. दांडा बसवल्यावर आम्ही दोघे मारतहळ्ळीच्या तळ्याकाठच्या वळणावर गेलो. दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यानं वेग न कमी करता वळण घेतलं आणि गाडी पाटावर बसल्यासारखी सरळ गेली. टेंबे ओरडला! एरवी शिंकतानासुद्धा रुमाल शोधणारा माणूस, तो पोरासारखा ओरडला आणि परत फिरून तेच वळण अकरा वेळा घेतलं.

दुसऱ्या रविवारी नंदीच्या डोंगरावर जायचं ठरलं. घाटाची रंगीत तालीमच ती. निघण्याआधी तपासणी माझ्याकडे. वहीत पाच कलमं होती. पाचवं असं: मागे तीन माणसं बसवून, गाडीखाली जाऊन, दांडा आणि ब्रेकची नळी यांच्यातलं अंतर बघणे. माझ्या अंगात त्या दिवशी नवी पांढरी पँट होती. शिवाय उशीर झाला होता, माझी बायको आणि मेहुणी डबे घेऊन उभ्या होत्या. रिकाम्या गाडीखाली मी नुसतं वाकून बघितलं. बोटभर अंतर होतं. मी पाचही कलमांपुढे खूण केली आणि सही ठोकली.

जाताना गाडी अशी चालली की वहिनी गाणं म्हणत होत्या. उतरताना तिसऱ्या वळणाआधी टेंब्यानं ब्रेक दाबला आणि पाय तळापर्यंत गेला. ब्रेक नव्हता. त्यानं गिअर खाली ओढला, गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि घाणेरीच्या झुडपात घातली. रस्त्याच्या पलीकडे दरी होती. कुणाला फार लागलं नाही. वहिनींच्या कपाळाला खोक पडली आणि डाव्या हातातल्या बांगड्या फुटल्या. टेंबे गाडीखाली गेला, मीही गेलो, अर्थात पांढऱ्या पँटसकट. पाच माणसांच्या वजनानं गाडीचं बूड खाली बसलं होतं, दांडा नळीवर टेकला होता आणि नळी घासून घासून फुटली होती. टेंब्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. बाहेर येऊन तो वहिनींना म्हणाला, "माझा हिशेब चुकला." बस्स. माझं नाव त्यानं ना तेव्हा काढलं, ना कधी नंतर.

दांडा निघाला. वहिनींनी घाटात त्या गाडीनं न जाण्याची शपथ घेतली आणि पुढची दहा वर्षं आगगाडी आणि मग बस असं करत, ओकत, माहेरी गेल्या. आमची मैत्री तशीच राहिली. रविवारचा पत्त्यांचा डाव, गणपतीची आरास, मुलांच्या मुंजी, सगळं. पण त्या दिवसानंतर टेंब्यानं मला एकही गोष्ट तपासायला सांगितली नाही. पंख्याचा स्क्रूसुद्धा नाही. तो शिव्या घालता तर बरं झालं असतं. त्यानं मला माफ केलं होतं, हे मला कळत होतं. माझ्यावरचा त्याचा विश्वास मात्र गेला होता आणि तो कसा परत मिळवायचा हे मला कळत नव्हतं. दहा वर्षं ते सलत राहिलं.

यंदा कारवारला वहिनींच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. गुडघ्यांमुळे वहिनींना बस झेपेना. त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी टेंबे गाडी घेऊन माझ्या दारात. रामोजीरावांच्या मुलाकडून नवा, बारीक दांडा करून घेतला होता, नळी दुसऱ्या बाजूनं फिरवली होती.

"खाली जा," तो म्हणाला.

"मी?"

"मग कोण? या दांड्याची तपासणी तुझ्याकडेच अपुरी राहिलीय."

मी मागच्या सीटवर बायकोला बसवलं, शेजारच्या धिप्पाड रावांना बसवलं, मध्ये तांदळाचं पोतं ठेवलं, आणि दीड तास गाडीखाली पडून राहिलो. राव कंटाळून दोनदा झोपले. डाव्या टोकाच्या नटाला, तो निसटू नये म्हणून घालतात ती पिन नव्हती. मी सांगितलं तेव्हा टेंब्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "बघ, म्हणूनच दुसरा माणूस लागतो," म्हणाला. पिन तो विसरला होता की मुद्दाम काढून आला होता, हे मी विचारलं नाही. आता विचारायला तो नाही...

तेराव्यानंतर वहिनींकडे गेलो. त्या आपणहून कारवारच्या त्या प्रवासाबद्दल, घाटाबद्दल बोलू लागल्या. "पहिलं वळण दिसलं आणि माझे हातपाय गार पडले, भाऊजी. ह्यांना म्हटलं, परत फिरवा. तर म्हणाले, खांबेट्यानं बघितलंय, तू झोप."

मला राहवलं नाही. नंदीच्या दिवशीची सही माझी होती, मी गाडीखाली गेलोच नव्हतो, हे मी त्यांना तिथेच सांगून टाकलं. पेपरात वाचून त्यांना कळू नये म्हणूनही असेल. वहिनींनी भिंतीकडे बघितलं. दहा वर्षं त्या ज्याच्या हिशेबाला नावं ठेवत आल्या होत्या तो माणूस भिंतीवरच्या फोटोत होता. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"त्यांनी मला हे सांगितलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि तरी तुमचंच नाव घेतलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि मी झोपले हो, भाऊजी. समुद्र आला तेव्हा ह्यांनी उठवलं."